कॅसेट उतरवून घेणं आणि जुनं पुस्तक नेटवर टाकणं: कॉपीराइटचं नक्की काय?

फीतवाला:
दोन खोके भरून कॅसेट आहेत, सगळ्या विकत घेतलेल्या. फीत ताणली गेलीये, आवाज वरखाली होतो, म्हणून टेपच्या हेडफोनच्या भोकात वायर लावून लॅपटॉपवर उतरवून घेतोय, फक्त मला ऐकायला. मित्र म्हणतो ही पण पायरसीच. दुसरं म्हणजे एक कव्हर गेलेलं जुनं पुस्तक आहे, लेखक १९६४ ला वारले, ते मी अख्खं टाइप केलंय आणि नेटवर टाकायचंय. ५० वर्षं झाली की मोकळं ना?

कलमकसाई:
दोन वेगळे प्रश्न आहेत राव, मिसळू नका. कॅसेटसाठी मुदत बघायचीच नाही, तुम्ही कॉपी कशासाठी करताय ते बघायचं. भारतात कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खाजगी वापरासाठी 'फेअर डीलिंग'ची, म्हणजे परवानगी न घेता रास्त वापराची, सूट आहे (सॉफ्टवेअर सोडून, त्याचं बॅकअपचं कलम वेगळं), त्यामुळे विकत घेतलेली कॅसेट स्वतःला ऐकायला उतरवली तर मला तरी काही वावगं दिसत नाही. त्याच फाइली ग्रुपवर टाकल्या की खाजगी संपलं.
आणि ५० नाही, ६०. आधी ५० च होती, पण टागोर १९४१ ला गेले, म्हणजे त्यांचं सगळं १९९१ अखेर मोकळं होणार होतं, तेव्हा ऐनवेळी हालचाल होऊन १९९२ च्या दुरुस्तीत सगळ्यांचीच मुदत १० वर्षांनी वाढली.

उगाचच:
ब्रिटनमध्ये तर गंमतच झालेली. स्वतःच्या सीडीची स्वतःसाठी कॉपी करायला २०१४ च्या ऑक्टोबरला कायद्याने परवानगी दिली आणि २०१५ च्या जुलैत कोर्टाने ती रद्द केली, कारण काय तर संगीतवाल्यांना भरपाईची सोयच ठेवली नव्हती. म्हणजे जेमतेम नऊ महिने लोक कायदेशीर होते 😄 जर्मनीत उलटं, तिथे १९६५ च्या कायद्यापासून रेकॉर्ड करणाऱ्या मशीनच्या किमतीतच कलाकारांचा वाटा धरतात, मग घरात करा कॉपी.

बारीक अक्षर:
पुस्तकाचं सांगतो. लेखक ज्या वर्षी गेला ते वर्ष सोडून पुढच्या १ जानेवारीपासून ६० मोजायची, म्हणजे १९६४ चा माणूस ३१ डिसेंबर २०२४ ला सुटला, महिना कुठलाही असो. हे लेखकाच्या हयातीत छापलेल्याचं, मरणोत्तर पहिल्यांदा आलं असेल तर प्रकाशनापासून मोजतात. पण पुस्तकात सगळं त्यांचंच आहे का? प्रस्तावना, चित्रं, तळटीपा? ज्याचं त्याचं घड्याळ वेगळं चालतं.
बाहेरच्या देशांत अजून घोळ. बर्न करारात (कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) किमान ५० आहे, युरोपात ७०, मेक्सिकोत १००. युरोपात बहुतेक ठिकाणी बाहेरच्या पुस्तकाची मायदेशातली मुदत संपली की तिथेही संपते, अमेरिका मात्र हे मानत नाही, तिथे जुन्या पुस्तकांना छापल्यापासून ९५ वर्षं लागू शकतात.

फीतवाला:
अरे देवा. प्रस्तावना दुसऱ्याच गृहस्थांची आहे, ते १९८५ ला गेले.

बारीक अक्षर:
मग ती २०४५ संपेपर्यंत नाही.

कलमकसाई:
कॅसेटचंही असंच हां, पुढेमागे नेटवर टाकायचा मोह झाला तर. रेकॉर्डिंगला प्रकाशनापासून ६०, पण गाणं लिहिणारा आणि चाल लावणारा यांचं त्यांच्या मृत्यूनंतर ६०. रेकॉर्डिंग १९६२ चं असेल तर ते सुटलं, पण कवी १९९० ला गेला असेल तर गाणं अडकलेलंच. कंपनीची मुदत संपली म्हणजे सगळं फुकट असं लोक धरून चालतात, तिथेच फसतात.

उगाचच:
आणि उतरवून झालं की खोके विकणार असाल तर? ब्रिटनच्या त्या नऊ महिन्यांच्या नियमात तर स्पष्ट होतं, मूळ वस्तू दुसऱ्याला दिली की कॉपी ठेवायची नाही.

फीतवाला:
विकत नाही, घेणार कोण. प्रस्तावनेची १४ पानं काढली आत्ताच, तीच टाइप करायला दोन रात्री गेल्या होत्या. चित्रं राहिली, पान ३१ वर कोपऱ्यात सही आहे पण शाई पसरलीये, भिंग घेऊन बसलोय, पहिलं अक्षर 'द' किंवा 'ढ' वाटतंय.