स्पाइक वापरले म्हणून वीज वाचते का?

उंबरठा (धागाकर्ता):
मेंदू २० वॉटवर चालतो, एवढं म्हणून न्यूरोमॉर्फिक चिपची (मेंदूच्या धर्तीची चिप; तिच्यातले कृत्रिम न्यूरॉन एकमेकांना आकड्यांऐवजी स्पाइक, म्हणजे क्षणिक टिचक्या पाठवतात) भलामण उरकली जाते. हिशोब मांडू. ४५ नॅनोमीटर चिपचे नेहमीचे आकडे: ८ बिटी गुणाकार ०.२ पिकोज्यूल, ३२ बिटी पूर्णांक बेरीज ०.१. म्हणजे साध्या न्यूरल नेटवर्कात दर सिनॅप्सला (दोन न्यूरॉनमधल्या जोडणीला) ०.३. स्पाइक एकतर असतो नाहीतर नसतो, म्हणून गुणाकार नको, नुसती ०.१ ची बेरीज. पण तोच आकडा स्पाइक मोजून कळवायचा तर समजा वेळेची ३२ पावलं लागली. त्यातल्या १० टक्के पावलांत जरी न्यूरॉन उडाला (स्पाइक सोडला) तरी ३.२ बेरजा, ०.३२. शिवाय दर पावलाला प्रत्येक न्यूरॉनचं व्होल्टेज (त्यात साठलेली बेरीज) वाचा, गळती (वेळेबरोबर होणारी त्याची घट) काढा, परत लिहा. स्पाइक येवो न येवो. स्थिर फोटो ओळखायला हा डोंगर पोखरून उंदीर.

गळका कपॅसिटर:
फोटोचे स्पाइक करा असं सांगितलंय कुणी? इव्हेंट कॅमेरा लावा. झुरिकच्या २००८ मधल्या १२८ × १२८ सेन्सरचा पिक्सेल उजेड बदलला तरच बोलतो, तोच इव्हेंट. समोर काही हललं नाही तर चिपला कामच नाही. आणि मेमरीचं काय? तुमचे आकडे ज्या तक्त्यातले, त्यातच चिपबाहेरच्या डीरॅम मेमरीमधून ३२ बिट आणायला ६४० पिकोज्यूल लागतात, तिथे ०.३ की ०.३२ यावर कसलं भांडण! आयबीएमच्या ट्रूनॉर्थ चिपने (२०१४) ४०९६ कोअरांत वेट (सिनॅप्सचे आकडे) जागच्या जागी ठेवले, म्हणून १० लाख न्यूरॉन साधारण ७० मिलिवॉटवर चालले.

उंबरठा:
मग श्रेय मेमरी जवळ ठेवण्याला द्या. आणि तो कॅमेरा जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली लावून बघा. ५० हर्ट्झच्या विजेवर उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. दर वेळी चढाचा एक, उताराचा एक इव्हेंट धरला तरी १६,३८४ पिक्सेलचे सेकंदाला जवळपास ३३ लाख. रिकाम्या खोलीत!

उजवी शिफ्ट:
चिपवर उतरल्यावर काय बिघडतं ते दोघंही सोडताय. गळतीसाठी गुणाकार टाळायला व्होल्टेज V मधून तोच V चार बिट उजवीकडे सरकवून (म्हणजे १६ ने भागून) वजा करतात. गुणक ०.९३७५, १ मिलिसेकंदाच्या पावलाला टाइम कॉन्स्टंट (गळती किती हळू होते त्याचं माप) १५.५ मिलिसेकंद. ट्रेनिंगमध्येही हाच गुणक ठेवला तर ठीक. गोची पुढे आहे. V १६ च्या खाली आला की सरकवून शून्य उरतं, गळती थांबते आणि V १५ वर अडकून बसतो. ऋण बाजूला मात्र सरकवून −१ मिळतो, त्यामुळे तिथला V नीट शून्यावर येतो. एकाच बाजूचा कचरा साचतो. थ्रेशोल्ड (ज्या पातळीला न्यूरॉन उडतो ती) ६४ असेल तर पुढच्या ४९ च्या धक्क्यालाच न्यूरॉन उडतो. फ्लोटिंग पॉइंटच्या सिम्युलेशनमध्ये हे दिसतच नाही. V ला खाली ८ अपूर्णांक बिट द्या, सुटेल.

उंबरठा:
म्हणजे ८ चे १६ बिट. दर पावलाचं वाचणं-लिहिणं दुप्पट. आभारी आहे, माझाच मुद्दा.

गळका कपॅसिटर:
दर पावलाला हात लावताच कशाला? शेवटच्या इव्हेंटची वेळ साठवा, पुढचा आला की मधल्या काळाची गळती आधीच मांडून ठेवलेल्या तक्त्यातून एकदम लावा. नुसत्या गळतीने V थ्रेशोल्ड ओलांडत नाही, त्यामुळे मधला स्पाइक चुकायची भीती नाही.

उजवी शिफ्ट:
सिनॅप्सचा करंट एका झटक्यात येत असेल तरच. तो हळूहळू ओसरणारा असेल तर इव्हेंट येऊन गेल्यावरही V चढत राहतो, आणि मग दर पावलाला बघावंच लागतं.