मदत हवी आहे: दोघी सख्ख्या बहिणी एकमेकींच्या जिवावर उठल्यात (शिकारी टेरियर)

मंडळी, जरा लांबण लागेल, पण अर्धवट माहिती देऊन सल्ला मागण्यात अर्थ नाही.

माझ्याकडे पाच टेरियर कुत्रे आहेत, जॅक रसेल आणि पॅटरडेल या दोन जातींच्या मिश्र रक्ताचे. शोभेचे नाहीत. धान्याची कोठारं, गोठे, खुराडी अशा ठिकाणी उंदीर-घुशी मारायला नेतो. कामाला एकेक वाघ आहे. राहतात केनेलमध्ये, म्हणजे कुत्र्यांच्या कोंडवाड्यात. ओळीने तीन खण, मध्ये नुसती जाळी. पहिल्यात खंडू, 9 वर्षांचा, आता फक्त हुकूम सोडतो. मधल्यात ढाण्या आणि बाळ्या हे दोन नर. तिसऱ्यात चिंगी आणि ठमी, एकाच वेतातल्या, 22 महिन्यांच्या. जन्मापासून एका ताटात जेवलेल्या.

गेल्या तीन आठवड्यांत या दोघींची तीनदा जुंपली. पहिल्यांदा काम आटोपून परतलो, फाटक उघडलं, दोघी एकदम आत घुसल्या आणि दारातच सुरू झाल्या. दुसऱ्यांदा एक परकं कुत्रं बाहेरून गेलं. दोघी मिळून त्याच्यावर भुंकत होत्या, आणि बघता बघता एकीने दुसरीचा गळा धरला. सोडवताना माझ्या दोन बोटांत दात गेले. तिसरं भांडण काल रात्रीचं. मला आवाजसुद्धा आला नाही. सकाळी पाहतो तर ठमीचा कान फाटलेला, पुढचा पाय सुजलेला, आणि चिंगी कोपऱ्यात बसून पंजे चाटतेय, जसं काही झालंच नाही.

ओळखीतले म्हणतात, एकदा काय व्हायचं ते होऊ दे, आपसात ठरवतील. मला ते पटत नाही, पण दुसरं सुचतही नाही. एकीला कुणाला तरी देऊन टाकण्याशिवाय मार्ग नाही का?

रानमांजर: बाकी सगळं नंतर. बोटांचं काय केलंत? दात लागला की वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. नसेल गेलात तर आज जा. कुत्र्यांचं रेबीजचं लसीकरण चालू आहे ना? उंदरांत काम करतात म्हणजे लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) लसही हवीच. आणि आज रात्री त्या दोघी एका खणात नकोत. आपसात ठरवतात हो टेरियर. एक मेली की ठरतं.

बिळाबाहेर: मी बरीच वर्षं कामाची टेरियर पाळतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

फॉक्सहाउंड, म्हणजे कोल्ह्याच्या शिकारीसाठी कळपाने पाळलेली कुत्री, डझनावारी एकत्र राहतात, कारण कळपात भांडणारा हाउंड पिढ्यान्‌पिढ्या वगळला गेला. टेरियरची निवड बरोबर उलट झाली. नावच मुळी लॅटिन ‘टेरा’वरून, म्हणजे जमीन. अंधाऱ्या बिळात एकट्याने शिरायचं, समोरचा दात दाखवतोय तरी मागे फिरायचं नाही, यासाठी तो निवडला गेला. दोन साधी कुत्री भांडली की एक शेपूट घालते आणि प्रकरण मिटतं. टेरियरला ती शेपूट घालायची खूणच पुष्कळदा उमगत नाही. बॉर्डर टेरियर हाउंडांबरोबर धावायचे म्हणून संगतीत त्यातल्या त्यात बरे. पॅटरडेलच्या रक्ताकडून मात्र ती अपेक्षा ठेवू नका.

आता तुमच्या भांडणांकडे बघा. पहिलं दारात, उत्तेजना शिगेला असताना. दुसऱ्यात राग परक्या कुत्र्यावर होता, तो हाती लागेना म्हणून शेजारणीवर निघाला. दोन्ही वेळा कारण खणाच्या रचनेत आहे. जाळी हा केनेलमधला सगळ्यात मोठा शत्रू. दिसतं सगळं, पोहोचता येत नाही, आणि दिवसभर ती चडफड साठत राहते. खणांच्या मध्ये आणि रस्त्याच्या बाजूला भरीव आडोसा लावा, पत्रा किंवा जाड प्लायवूड. कुत्रं मागच्या पायांवर उभं राहिलं तरी पलीकडचं दिसता कामा नये.

कामावरून येताना प्रत्येकाला गाडीत स्वतंत्र क्रेट, म्हणजे बंद पिंजरा. घरी आल्यावर तासभर तिथेच निवू द्यायचं, मग एकेकाला पट्टा लावून खणात. फाटक उघडून ‘चला रे’ हा प्रकार कायमचा बंद. जेवणही वेगवेगळं, भांडी उचलेपर्यंत कुणी कुणाच्या समोर नाही.

दोन गोष्टी सांगा: शेवटचा माज कधी झाला? आणि सुरुवात नेहमी एकच करते की दोघी आलटून पालटून?

सडेतोड: एवढं पुराण कशाला? चिंगीला पाठीवर लोळवा आणि मान दाबून धरा, गप्प पडेपर्यंत. मालक कोण ते एकदा कळलं की झालं. लांडग्यांच्या कळपात म्होरक्या हेच करतो.

रानमांजर: @सडेतोड, तसं करून स्वतःचा चेहरा फाडून घेतलेला माणूस मी पाहिलाय. म्होरक्याच्या गोष्टीचं मूळ प्राणी-अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 साली मांडलेल्या निरीक्षणांत आहे, आणि ते लांडगे प्राणिसंग्रहालयात कोंडलेले होते. म्होरक्यासाठीचा ‘अल्फा’ शब्द लोकप्रिय करण्यात लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांचा मोठा वाटा, पण त्यांनीच 1999 मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे साधारणपणे आई-बाप आणि त्यांची पिल्लं, तिथे अशी गादीसाठी मारामारी नसते. म्हणजे तुम्ही ज्याला औषध म्हणताय ते कोंडवाड्यातल्या रोगाचं लक्षण आहे.

धागाकर्ता: बोटांचं इंजेक्शन दुसऱ्या दिवशी घेतलं होतं. लसी सगळ्यांच्या झाल्यात. ठमीला आज चार टाके पडले. सध्या ती घरात, चिंगी खणात.

सुरुवात तिन्ही वेळा चिंगीनेच केली असावी, निदान दोनदा मी डोळ्यांनी पाहिलं. तिचा माज संपून सुमारे नऊ आठवडे झाले. ठमी अजून यायची आहे. आणि एक विचित्र गोष्ट: महिन्याभरापासून चिंगीने माझा एक जुना बूट बिछान्यावर नेऊन ठेवलाय. त्याला चाटते, त्याच्याभोवती वेटोळं करून झोपते. मला आपली गंमत वाटत होती.

शेपूटवैद्य: ती गंमत नव्हे, तिथेच तुमचं उत्तर आहे. खोटी गाभण म्हणतात याला. माजानंतर काही आठवड्यांनी प्रोजेस्टेरॉन (गाभणपण टिकवणारं संप्रेरक) उतरतं, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) चढतं, आणि पिल्लं नसतानाही शरीर आईपणाला लागतं. बूट तिचं पिल्लू आहे, आणि ठमी रोज रात्री त्या पिल्लापासून हातभर अंतरावर झोपत होती. बहुतेकदा हे आपोआप ओसरतं. दूध उतरलं असेल किंवा फार दिवस चाललं तर डॉक्टरला दाखवा. आचळं सारखी चेपून पाहू नका, त्याने दूध वाढतं. बूट हिसकावू नका, ती फिरायला गेली की गुपचूप उचला.

नसबंदीबद्दल विचाराल म्हणून आधीच सांगतो: या अवस्थेत शस्त्रक्रिया नको, लक्षणं लांबण्याचा धोका असतो. पूर्ण ओसरल्यावर डॉक्टरांशी बोला. मात्र तेवढ्याने दोन माद्यांचं वैर मिटेल असं धरून चालू नका.

ठमीचा सुजलेला पाय रोज बघा. चाव्याची जखम वरून टाचणीएवढी आणि आत खोल असते. चार दिवसांनी पू झाला, ताप आला, लंगडणं वाढलं तर थांबू नका. आणि दुखणारं कुत्रं स्वतःही चिडकं होतं, हे विसरू नका.

दोघी मोठ्या होताहेत हेही आहेच. एक ते तीन वर्षांच्या दरम्यान कुत्र्याचा खरा स्वभाव बाहेर येतो, आणि सख्ख्या बहिणींचं नातं त्याच काळात बिघडतं. मादी-मादीचं वैर नरांपेक्षा चिवट.

बिळाबाहेर: बुटाचं मला सुचलं नसतं. मानलं.

पुन्हा जुंपलीच तर सोडवायचं कसं, तेही लिहून ठेवतो. तोंडाच्या आसपास हात न्यायचा नाही, कॉलरलासुद्धा नाही. टेरियर धरून ठेवतो आणि झटकतो, त्यामुळे नुसतं ओढलं की मांस फाटतं. दोन माणसं असतील तर दोघांनी एकाच वेळी एकेकीचे मागचे पाय मांड्यांपाशी धरून उचलायचे, पकड ढिली होईपर्यंत स्थिर राहायचं, मग मागे सरकत अर्धवर्तुळात फिरवायचं, म्हणजे ती वळून चावत नाही. एकटे असाल तर फळी मध्ये घालायची. एक फळी केनेलच्या दाराशी कायम उभी असू द्या. ओरडू नका, त्यांना वाटतं तुम्हीही लढाईत उतरलात.

धागाकर्ता: 18 दिवसांनंतरची खबर. खंडूला घरात घेतलं. 9 वर्षांनी त्याला गादी मिळाली, आता उठायला तयार नाही. त्याच्या खणात ठमी, टोकाच्या खणात चिंगी, मध्ये दोघे नर. सगळीकडे प्लायवूड. भुंकणं निम्म्यावर आलंय. चिंगीने तिसऱ्याच दिवशी प्लायवूडखालून उकरायला घेतलं, म्हणून कडेने फरशा पुरल्या. तिला टोपलीवाल्या मुसक्याची सवय लावतोय, सध्या खाऊसाठी नाक आत घालते, पट्टा अजून बांधलेला नाही. ठमीचा पाय बरा. दोघींना पुन्हा एकत्र कधी फिरवू?

बिळाबाहेर: मुसकं दहा मिनिटं निवांत घालून राहील तेव्हा. दोन माणसं, दोन पट्टे, दोघींनाही परकी असलेली जागा. वीसेक पावलांचं अंतर ठेवून एकाच दिशेने चालायचं, समोरासमोर आणायचं नाही. एकीने जरी नजर रोखली किंवा अंग ताठ केलं तरी अंतर वाढवा. गुरगुरली तर रागावू नका. गुरगुरणं बंद झालेली कुत्री न सांगता चावते.

फिरणं जमलं तरी एका खणात पुन्हा नाही, आणि कामावरही आलटून पालटून. देऊन टाकायची गरज मला दिसत नाही, पण हे वेगळं ठेवणं जन्माचं आहे, ते झेपणार असेल तरच. पुढे ठमी माजावर आली की ढाण्या आणि बाळ्यालाही वेगळं करा, नाहीतर नवा धागा काढावा लागेल.

धागाकर्ता: झेपेल. वेळापत्रक दारावर चिकटवलंय. बूट ताब्यात घेतला, पण त्याचा जोडीदार गेल्या आठवड्यापासून सापडत नाहीये आणि बाळ्या माझ्याकडे बघायचं टाळतोय.