ज्यू म्हणजे धर्म, जात की वंश?

अमळनेरकर:
पोरीला दुसऱ्या महायुद्धावर प्रकल्प करायचाय. जेवताना विचारते, बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेल्या ज्यूंनाही हिटलरने का पकडलं? आणि आइन्स्टाइन पूजापाठ करत नव्हता, तरी ज्यू कसा? कुणी नीट सांगाल का?

केळीवाला, रावेर:
धर्मच ना भाऊ. 2016 मध्ये आपल्या राज्य सरकारने अल्पसंख्याक दर्जा दिला, तो धर्म म्हणूनच. विषय संपला.

जुना गार्ड, भुसावळ:
संपला कसा? रेल्वे क्वार्टरमध्ये आमच्या शेजारी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं कुटुंब होतं, मूळचं पेणकडचं. मराठी आपल्यापेक्षा शुद्ध, काकू नऊवारीत. नवस फेडला की प्रेषित एलियाहू हन्नबीच्या नावाने मालिदा, म्हणजे पोहे, खोबरं, गोड नि फळं. ताट आमच्याकडे यायचंच. शनिवार त्यांचा धर्माने ठरवलेला विश्रांतीचा वार, त्या दिवशी ड्युटी लागली की काकांचा चेहरा उतरायचा. कोकणात यांना शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी घाणा बंद. म्हणजे गावाने त्यांना जात म्हणूनच ओळखलं. त्यांच्यातही गोरे नि काळे असे भेद होतेच, आपली हवा लागली म्हणा.

हीच माणसं इस्रायलला गेली, तर 1962 च्या सुमारास तिथल्या मुख्य धर्मपीठाने लग्नाआधी यांची वंशावळ तपासायला सांगितली! धरणी, आंदोलनं झाली, तेव्हा कुठे 1964 मध्ये सरकारने ते पूर्ण ज्यू असल्याचं जाहीर केलं.

त्याच 1962 मधला ब्रदर डॅनियलचा खटला पाहा. जन्माने पोलंडचा ज्यू, पुढे कॅथलिक साधू झाला. धर्मशास्त्राप्रमाणे ज्यू आईचा मुलगा ज्यूच राहतो. तरी जगभरच्या ज्यूंना इस्रायलमध्ये येऊन राहायचा हक्क देणाऱ्या परतीच्या कायद्याखाली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला ज्यू मानलं नाही.

आता पोरीचा प्रश्न. नाझी वंश-वंश म्हणत, पण रक्तात बघायचं काय? म्हणून 1935 च्या न्यूरेंबर्ग कायद्यात आजी-आजोबांचा धर्म धरला. तीन किंवा चार ज्यू, की नातू ज्यू; मग त्याने बाप्तिस्मा घेतलेला असो. वंशाचा सगळा डोलारा प्रार्थनास्थळांच्या नोंदवह्यांवर उभा. मला तर वाटतं, ज्यू हा एक समाज आहे, त्याचा स्वतःचा धर्म आहे. वंश हे दुसऱ्यांनी डकवलेलं लेबल.

केळीवाला, रावेर:
मग जातीसारखंच झालं की.

जुना गार्ड, भुसावळ:
अर्धंच. जातीत बाहेरचा शिरू शकतो का? इथे रीतसर धर्मांतर करून येता येतं. आणि आइन्स्टाइनसारखा पूजापाठ न करणाराही आतच राहतो.

अमळनेरकर:
बाप ज्यू नि आई नसेल तर?

जुना गार्ड, भुसावळ:
सनातनी रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, नाही म्हणतील. अमेरिकेतल्या सुधारक पंथाच्या रब्बींनी 1983 मध्ये बापाकडूनही चालेल असं ठरवलं, पण मूल ज्यू म्हणून वाढलेलं हवं. इस्रायलचा कायदा तर 1970 पासून ज्यूच्या नातवालाही येऊ देतो. फक्त तिथे रब्बीकडून लग्न लावायचं झालं, की आई कोण हे विचारतातच.