चर्चा: साथीत ॲडमिट झालेल्या लेकराजवळ आई-बाप हवेत की नकोत?

जुळे सोलापूरची आई
मे २०२१. घरातल्या सगळ्यांचा कोरोना होऊन तीन आठवडे झाले होते. माझ्या चार वर्षांच्या मुलाला ताप भरला, डोळे लाल झाले, अंगावर पुरळ आलं. खासगी दवाखान्यात नेलं. रिपोर्ट येईपर्यंत आयसोलेशन, आईला आत सोडत नाही म्हणाले. त्याने माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. सिस्टरनी एकेक बोट सोडवून ते काढलं. त्याला घरच्या चादरीशिवाय झोप लागत नाही, म्हणून ती दिली, तर तीही परत केली. दुसऱ्या दिवशी आरटी-पीसीआर निगेटिव्ह आली. डॉक्टरांनी एमआयएस-सी सांगितलं. कोरोना होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी काही मुलांना होतो तो आजार. म्हणजे त्याच्यापासून कुणाला लागण व्हायची नव्हती, तरी ती रात्र त्याने एकट्याने काढली. आज तो बरा आहे. पण दवाखान्याची पायरी दिसली की अजून माझा हात घट्ट धरतो.
माझं म्हणणं एवढंच: बारा वर्षांखालच्या मुलाजवळ आई किंवा बाप राहणारच, हा नियम आत्ताच लिहून ठेवा. साथ आल्यावर कुणी ऐकत नाही.

वॉर्डातली सिस्टर
ताई, तुमच्या लेकराचं वाचून वाईट वाटलं. तरीही मला हे पटत नाही. रिपोर्ट यायच्या आधी तो निगेटिव्ह आहे हे आम्हाला कसं कळणार? दुसऱ्या लाटेत आमच्याकडे एक नातेवाईक म्हणून सोडलं, की दुपारी बाप, संध्याकाळी मावशी, रात्री आजी यायची. तीच आजी डबा घेऊन घरी जायची. अंगात किट घालून सहा-सहा तास पाणी न पिता आम्हीच त्या मुलांना भरवलं. माझ्या स्वतःच्या मोबाइलवरून व्हिडिओ कॉल लावून दिले.
आणि भीतीपोटी पालक काय मागायचे तेही सांगते. मुलाला रेमडेसिविर द्याच, म्हणून हट्ट. जून २०२१ मध्ये केंद्राच्या सूचनाच आल्या, मुलांना ते द्यायची शिफारस नाही. तरी बाप चिठ्ठी घेऊन दुकानं पालथी घालत होते.

अक्कलकोट रोड
जुळे सोलापूरच्या ताई, राग मानू नका, पण असं लिहिल्यानेच माणसं लेकरं घरात ठेवतात. आम्ही ठेवली. २०२० चा लॉकडाऊन, कारखाना बंद. नऊ वर्षांच्या मुलीच्या पोटात दुखायला लागलं. गल्लीत एकच बोलणं, दवाखान्यात गेलं की सगळं घर उचलून क्वारंटाईनला नेतात. ओवा दिला, पोट शेकलं. तिसऱ्या दिवशी दुखणं एकदम कमी झालं आणि आम्हाला हायसं वाटलं. ते अपेंडिक्स फुटलं होतं. ऑपरेशन करून वाचली. उशीर दवाखान्याने केला नाही, मी केला.

जुळे सोलापूरची आई
दादा, मुलगी वाचली, देवाची कृपा. पण तुम्ही घरी का थांबलात? आत नेलं की लेकरू आपल्या हातात राहत नाही, ही भीती होतीच ना? ती माझ्या लिहिण्याने आली नाही, दाराशी जे घडत होतं त्यातून आली. आई सोबत राहील अशी खात्री असती तर तुम्ही पहिल्याच दिवशी निघाला असता.

विडी घरकुलची आशा सेविका
दोघांचंही खरं आहे. आमच्याकडे तर नऊ महिन्यांचा गोवर-रुबेलाचा डोससुद्धा बायकांनी चुकवला. दवाखान्यात सगळे ताप आलेलेच येतात म्हणायच्या. दारोदार फिरून समजावत होते. २०२२ मध्ये मुंबई, मालेगाव, भिवंडीत गोवर उसळला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

वॉर्डातली सिस्टर
आशाताई, बरोबर. निदान पालकांनी श्वास मोजायला शिकावं. लेकरू शांत असताना पूर्ण मिनिटभर पोटाकडे बघा. दोन महिन्यांच्या आतलं असेल तर साठ, वर्षाच्या आतलं तर पन्नास, पाच वर्षांपर्यंत चाळीस. तेवढे किंवा त्याहून जास्त भरले तर साथ असो नसो, घेऊन या.

जुळे सोलापूरची आई
आणू. पण सोबत राहू द्याल? मी जबाबदारीची सही करून द्यायला तयार होते.

वॉर्डातली सिस्टर
तुमच्या सहीने शेजारच्या खाटेवरचं लेकरू सुरक्षित होत नाही, ताई. एकच माणूस, आत आला की डिस्चार्जपर्यंत बाहेर नाही, हे मानत असाल तर मी तुमच्या बाजूने बोलेन. पण त्या आईचं जेवण, अंघोळ, मास्क हे कोण बघणार? तेव्हा आम्हालाच बाथरूम एक होतं.

जुळे सोलापूरची आई
मानते. मला खाटेखाली चटईपुरती जागा पुरे. डबा गेटवर येईल. बाथरूमचं मात्र सगळ्यांनी मिळून मागायला हवं, तुमच्यासाठीही.

अक्कलकोट रोड
आणि घरात दुसरं तान्हं असेल तर? आमच्याकडे होतं.