मदत हवी आहे: पीएचडीच्या यादीत गाईडचं नावच नाही

कृष्णाकाठ: सांगलीत कॉलेजात शिकवते. कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएचडी करायचीय, नोकरी सांभाळून. सरांनी गाईड व्हायला होकार दिलाय, विषयही ठरलाय, पण कोल्हापूरच्या विद्यापीठाच्या रिक्त जागांच्या यादीत सरांचं नाव नाही. फॉर्म सोमवारी बंद होतोय, फोन कुणी उचलत नाही. काय करू? लवकर सांगा प्लीज.

कराडकर: नेट (देशपातळीवरची परीक्षा) की पेट (विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा)? शिक्षण काय? सर कायम आहेत की सीएचबीवर (तासिका तत्त्वावर)? त्यांच्याकडे विद्यार्थी किती? प्रोफेसरला ८, असोसिएटला ६, असिस्टंटला ४. त्यापुढे घेता येत नाहीत.

कृष्णाकाठ: एमसीए, पेट पास. सर कायम, असोसिएट, तीनच विद्यार्थी आहेत. म्हणून तर कळेना!

मिरज_जंक्शन: नोकरी करत पीएचडी होत नाही, स्पष्ट सांगतो. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन फेलोशिप) काढा, महिना ३७ हजार मिळतात, पूर्णवेळ करा. मी तेच केलं.

कोडवाला: त्यांनी हे विचारलंय का? घर चालवणाऱ्याला नोकरी सोडा म्हणणं सोपं असतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांत पार्ट टाईमला मान्यता आहे.

मिरज_जंक्शन: मान्यता आहे हो, पण कोर्सवर्कला (पीएचडीच्या सक्तीच्या वर्गांना) सोडणार कोण? कॉलेजच्या ना हरकत पत्रात ते लिहून घ्यावं लागतं. तिथेच माझ्या मित्राचं घोडं अडलं.

द्राक्षबाग: ताई, विषय कोणता?

कृष्णाकाठ: द्राक्षाच्या पानाच्या फोटोवरून डाऊनी आणि भुरी हे बुरशीचे रोग कॉम्प्युटरने ओळखणं. प्लांटव्हिलेजचा (रोगट पानांच्या फोटोंचा खुला संग्रह) डेटा आहेच. पण माझा प्रश्न गाईडचा आहे!

द्राक्षबाग: थांबा, हे आधी ऐका. प्लांटव्हिलेजमध्ये द्राक्षाचे ब्लॅक रॉट, एस्का, लीफ ब्लाइट हे रोग आणि निरोगी पान एवढंच आहे. डाऊनी नाही, भुरी नाही. शिवाय फोटो सुट्या पानांचे, साध्या पार्श्वभूमीवर ठेवून काढलेले. बागेतल्या उन्हा-सावलीत तसलं मॉडेल टिकणार नाही. आमची बाग तासगावला. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की या. डाऊनीचा वरून तेलकट पिवळा डाग दिसतो, पांढरी बुरशी पानाखाली असते. दोन्ही बाजूंचे फोटो घ्या.

कराडकर: सर निवृत्त कधी होतायत?

कृष्णाकाठ: दोन वर्षांनी. का?

कराडकर: मग तेच कारण. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिली की नवा विद्यार्थी घेता येत नाही, जागा रिकामी असली तरी. आहेत ते विद्यार्थी मात्र चालू राहतात. आता यादीतला दुसरा गाईड धरा आणि सर सह-मार्गदर्शक म्हणून चालतील का ते विभागप्रमुखांना विचारा. फोन नको, समक्ष जा.

कृष्णाकाठ: हे सरांनाही माहीत नसावं. यादीत एका मॅडमकडे एक जागा दिसतेय. उद्या पहिल्या एसटीने कोल्हापूर गाठते. द्राक्षबाग, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, डेटाचं ऐकून धडकीच भरली.

मिरज_जंक्शन: ना हरकत पत्र आजच टाईप करून घ्या. कोर्सवर्कचं वाक्य त्यात हवंच.