यॉर्कशायरचे ‘रायडिंग’ : स्वतंत्र जिल्हा की जिल्ह्याचा भाग?

गिरगावकर : नमस्कार. इंग्लंडमधील यॉर्कशायर काउंटीतल्या (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) ब्रॅडफर्डच्या लोकर गिरण्यांविषयी वाचताना जुन्या पत्त्यांत ‘वेस्ट रायडिंग’ असा उल्लेख वारंवार येतो; आजच्या नकाशात मात्र तेथे वेस्ट यॉर्कशायर दिसते. ही दोन्ही एकच आहेत का? उत्तर, पूर्व आणि पश्चिम अशी रायडिंगे सापडतात, मग दक्षिण का नाही? १९९० साली आपल्याकडे मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे जिल्हे वेगळे झाले, तसाच हा प्रकार समजावा का?

जुने नकाशे : वाटणी मुळातच तीन हिश्श्यांची असल्यामुळे चौथी दिशा उरली नाही. नवव्या शतकात डेन लोकांनी यॉर्क जिंकले आणि ८७६ साली हाफडानने तेथील जमीन आपल्या माणसांत वाटून दिली. रायडिंग हे नाव त्यांच्याच भाषेतून आलेले असून त्याचा अर्थ ‘तिसरा हिस्सा’ असा आहे. १०८६ च्या डूम्सडे नोंदणीत (राजाने करवलेल्या जमीन-मालमत्तेच्या पाहणीत) ही विभागणी आढळते. यॉर्क शहर तिन्हींच्या बाहेर होते. मुंबईचे उदाहरण अर्धेच लागू पडते, कारण आपल्या दोन्ही जिल्ह्यांना स्वतंत्र जिल्हाधिकारी आहेत, तर तेथे शेरीफ (राजाचा काउंटीतील अधिकारी) सगळ्या यॉर्कशायरला मिळून एकच असे. मात्र न्यायदंडाधिकाऱ्यांची त्रैमासिक सत्रे प्रत्येक रायडिंगची निराळी भरत आणि १६६० पासून लॉर्ड लेफ्टनंटही (राजाचे प्रतिनिधी) निराळे नेमले जात.

फोर्टमधला वकील : माझ्या दृष्टीने खरी मौज दस्तनोंदणीत आहे. इंग्लंडच्या बहुतेक भागांत जमिनीच्या खरेदीखतांची सार्वजनिक नोंद होत नसताना वेस्ट रायडिंगसाठी वेकफील्ड येथे १७०४ साली नोंदणी कार्यालय सुरू झाले. जमीन तारण ठेवून भांडवल उभे करणाऱ्या कापड उत्पादकांना आपला हक्क निर्वेध असल्याचे सावकारास दाखवता यावे, हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. पुढे ईस्ट रायडिंगसाठी बेव्हर्लीला आणि नॉर्थ रायडिंगसाठी नॉर्थॲलर्टनला अशीच कार्यालये निघाली. दुय्यम निबंधकांकडे ‘सर्च’ (जुन्या दस्तांचा शोध) घेण्यात हयात गेलेल्या आमच्यासारख्यांना ही व्यवस्था लगेच ओळखीची वाटते.

जुने नकाशे : वकीलसाहेबांनी महत्त्वाचा मुद्दा मांडला. आता सीमांविषयी. १८८९ मध्ये तिन्ही रायडिंगांना स्वतंत्र काउंटी कौन्सिले (आपल्या जिल्हा परिषदांसारखी) मिळाली, पण लीड्स, ब्रॅडफर्ड आणि शेफील्ड ही मोठी शहरे काउंटी बरो (आपला कारभार स्वतः पाहणारी शहरे) ठरल्याने कौन्सिलच्या कारभारातून वगळली गेली. म्हणून गिरणीचा पत्ता वेस्ट रायडिंगचा असला, तरी शहराचा कारभार कौन्सिलचे ठिकाण असलेल्या वेकफील्डहून चालत नसे. १ एप्रिल १९७४ रोजी ही कौन्सिले संपली आणि नव्या सीमा जुन्या रेषांवरून आखल्या गेल्या नाहीत : ब्रॅडफर्ड वेस्ट यॉर्कशायरमध्ये राहिले, शेफील्ड साउथ यॉर्कशायरमध्ये गेले, हॅरोगेट नॉर्थ यॉर्कशायरमध्ये आणि सॅडलवर्थ तर थेट ग्रेटर मँचेस्टरमध्ये. ईस्ट रायडिंगचा बराचसा भाग हंबरसाइड या नव्या काउंटीत घातला गेला. ती काउंटी रहिवाशांच्या गळी कधीच उतरली नाही. १९९६ साली ती मोडली, तेव्हा ईस्ट रायडिंग हे नाव प्रशासनात परतले, मात्र हल शहर त्यातून वेगळे ठेवले गेले.