पितृपंधरवडा: गेलेल्या माणसासाठी तुमच्या घरी साधंसं काय करता?

आई जाऊन सव्वा वर्ष झालं. मागच्या भाद्रपदात वर्षाच्या आत म्हणून काही केलं नाही, यंदा पहिल्यांदाच तिचं पान वाढायचंय. ती बाबांच्या आधी गेली, त्यामुळे तिची तिथी कुठलीही असली तरी पक्षात तिचा दिवस अविधवा नवमीचा. सवाष्ण जेवायला, ओटी, खीर, वडे, आमसुलाची चटणी, अळूची भाजी. आत्या फोनवर सांगत होती आणि मी लाइट बिलाच्या मागे लिहून घेत होते. बाबा (वय 81) पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तिला वडे कधी आवडायचे?"

खरंच नाही आवडायचे. जन्मभर सासूसासऱ्यांच्या श्राद्धाला तिने घाणेच्या घाणे तळले आणि स्वतः ताकभात खाऊन उठली.

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. विधी, मंत्र, गुरुजींची दक्षिणा हे इथे नको, ते सगळं आत्याकडे आहे. तुमच्या घरी गेलेल्या माणसासाठी आपलं आपण काय करता तेवढं लिहा. पक्षातलंच हवं असं नाही. पाऊस सरल्यापासून दिवाळी उलटेपर्यंतचं कधीचंही चालेल.

देवगडकर

आमच्याकडे याला 'म्हाळ' म्हणतात. वाडीत प्रत्येक घराचा दिवस वेगळा, त्यामुळे पक्षभर आम्ही पोरं आज यांच्याकडे तर उद्या त्यांच्याकडे वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं हाणायचो. श्राद्धाला चेहरा पाडून बसायचं असतं हे मुंबईला आल्यावर कळलं.

आजोबांच्या पानाशेजारी विडीचं बंडल आणि काडेपेटी ठेवतात. काका पान कौलांवर ठेवतो आणि खाली उभा राहून "का, का" ओरडतो. "इलो रे इलो" झालं की सगळे अंगणात. कावळा वडा उचलतो, विडीला चोच लावत नाही. मग बंडल काकाच्या खिशात. "आबान माका दिल्यान." डॉक्टरने त्याच्या विड्या बंद केल्यात, पण हे बंडल त्याच्या मते त्या हिशोबात धरायचं नसतं.

जळगाव

खानदेशात पितरांचा खरा थाट आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. घागर भरायची, सांजोऱ्या, आमरस. पण पक्षातही आई आगारी टाकते. गोवरीचा निखारा, त्यावर तूप आणि स्वयंपाकातला एकेक घास, एकेका नावाने. फ्लॅटमध्ये घमेल्यात करावं लागतं. पहिल्या वर्षी धूर बघून वरच्या मजल्यावरचे धावत आले होते.

आजोबा, आजी, मोठे काका, सगळी नावं खणखणीत घेते. शेवटच्या घासाला फक्त ओठ हलतात. तो तिच्या आईचा. तिचं करायचा मान मामाचा, मामा करतोही, पण हिचा घास ठरलेला.

सातारा जिल्हा

वेगळं लिहितोय, रागावू नका. पणजोबा सत्यशोधक. घरात भटजी नाही, श्राद्ध नाही. जोतीरावांनी 24 सप्टेंबर 1873 ला पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. ही तारीख पितृपक्षात नाहीतर त्याच्या आगेमागे येते, त्यामुळे शेजारी कढई चढलेली असते त्या सुमारास आम्ही गावच्या शाळेला पुस्तकं देतो. पहिल्या पानावर गेलेल्या माणसाचं नातं आणि त्याला काय यायचं ते लिहायचं. "पणजी. मोडलेलं हाड बसवायची." "मोठे चुलते. विहिरीला पाणी कुठे लागेल ते सांगायचे, निम्म्या वेळा चुकायचे." हे दुसरं वाक्य घालायचं की नाही यावर चुलतभावांत दोन दिवस वाद झाला होता. शेवटी चुलतीच म्हणाली, खरं आहे ते लिवा.

आता कबुली देतो. लहानपणी शेजारून वड्यांचा वास आला की पणजोबांचा फार राग यायचा.

देवगडकर

पुढच्या वर्षी म्हाळाला या. वडे आहेत, भटजी घरी नसतो तेव्हा बोलावतो.

न्यू जर्सी

भारतातली तिथी धरायची की इथली, यावर सासूबाई आणि मी दरवर्षी गोंधळतो. 2025 मध्ये सर्वपित्री दोन्हीकडे रविवारी, 21 सप्टेंबरलाच आली, म्हणून सुटलो. डेकवर पान ठेवते. कावळ्याच्या आधी खार येते आणि वडा दोन्ही हातांत धरून तिथेच बसून खाते. सासूबाईंना पहिल्यांदा अपशकुन वाटला होता. आता त्याच विचारतात, "खार आली का गं?"

सांगली

आमच्याकडची रीत कुणी ठरवलेली नाही, आपोआप पडली. सर्वपित्रीच्या आदल्या संध्याकाळी मी माळ्यावरून नाव घातलेली भांडी काढते. लग्नात आलेली, बारशाची, कुणाच्या स्मरणार्थ वाटलेली. हल्ली मशीनने घालतात तसली नावं नव्हेत. हातोडी आणि छिन्नीने ठोकलेली, ठिपक्या-ठिपक्यांची.

त्यात आजेसासूबाईंचा पितळी तांब्या आहे. नाव घालणाऱ्याने त्यांच्या नावातली वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ केली होती. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण ती चूक त्यांनी मरेपर्यंत विसरली नाही. पाहुण्याला पाणी देतानाही सांगायच्या, "ह्यावर लिहिलंय तसं नाही हो माझं नाव."

चिंच-मिठाने घासलं की तांब्या लखलखतो, पण अक्षरांच्या खळग्यात काळं राहतं. ते दात कोरायच्या काडीने, एकेका ठिपक्यातून काढावं लागतं. घाई चालत नाही. एका नावाला वीसेक मिनिटं सहज जातात. तेवढा वेळ त्या माणसाचंच नाव बोटाखाली. मुलगी समोर बसते आणि विचारते, ही कोण, ह्यांना काय आवडायचं, ह्या कशाने गेल्या. एरवी मी सांगायला बसले तर दोन मिनिटांत मोबाइल काढते.

दुसऱ्या दिवशीचा स्वयंपाक जमेल तेवढा त्याच भांड्यांत. पातेल्याला कल्हई हवी, नाहीतर कढी कळकते. कल्हईवाला आता दारावर येत नाही. दोन वर्षांपूर्वी एक बाजारात सापडला, त्याला रिक्षात घालून आणला. नवसागराचा धूर उठला, त्याने कापसाने कथील फिरवलं आणि पातेल्याचा तळ चांदीसारखा झाला. सासरे खुर्ची ओढून अंगणात बसून राहिले. त्यांच्या आईचं पातेलं ते.

तिथी माहीत नसलेल्यांचीही सोय सर्वपित्रीला होते म्हणतात. आमच्याकडे एक वाटी आहे, तिच्यावरचं नाव घरात कुणालाच ओळखता येत नाही. तीही घासते.

नाव लिहीत नाही

भाऊ अपघातात गेला. अशांचा दिवस पक्षातली चतुर्दशी. त्या रात्री त्याला अकरा बाटल्या रक्त चढलं, सगळं अनोळखी लोकांचं. दरवर्षी चतुर्दशीच्या आसपास रक्त देतो. पुरुषांना दोन रक्तदानांत 90 दिवस जाऊ द्यावे लागतात, म्हणून मेनंतर दुसऱ्या कुठल्याच शिबिरात बसत नाही. ऑफिसातले टोमणे मारतात, मारू देत. अकरा फेडायच्यात, यंदाची सहावी.

वसई

आम्ही ख्रिस्ती. आमचा दिवस 2 नोव्हेंबर, मृतांचा दिन. पण काम आधीच सुरू होतं. पावसात कबरींभोवती गुडघाभर गवत माजलेलं असतं, ते उपटायचं, लादी घासायची. नावातली अक्षरं जुन्या टूथब्रशने (सांगलीच्या ताई, तुमची काडी, आमचा ब्रश). संध्याकाळी मिस्सा, फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडत जातात, आणि अंधार पडला की सगळं कब्रस्तान मेणबत्त्यांचं होतं. वारा असतोच. प्लास्टिकच्या बाटलीचा तळ कापून मेणबत्ती आत ठेवली तर विझत नाही, एवढं अनुभवाचं सांगून ठेवते.

वडिलांची सोनचाफ्याची वाडी. पहाटेच्या लोकलने फुलं दादरला न्यायची. घरात एक फूल ठेवू द्यायचे नाहीत. मी एकदा शाळेत जाताना वेणीत एक खोवलं, तर दारातूनच परत बोलावून काढून घेतलं. विकायचा माल. आता भाऊ वाडी बघतो. त्या दिवशी पहिली टोपली दादरला जात नाही, कब्रस्तानात जाते. आई दरवर्षी कबरीकडे बघून म्हणते, "ओरडा आता."

धागाकर्ती

सगळ्यांना उत्तरं सवडीने देते. सांगली, आईच्या डब्यांवरची नावं काल पहिल्यांदा वाचली. एकावर आमच्या घरातलं नावच नाही, कुणाचा डबा परत करायचा राहिलाय देव जाणे.

नवमी पार पडली. गच्चीला कुलूप होतं आणि किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींच्या खिशात, ते गावाला. पान किचनच्या खिडकीच्या जाळीवर ठेवलं. आत्याच्या धाकाने चार वडे तळले. शेजारी ताकभात आणि लिंबाचं गोड लोणचं. सवाष्ण म्हणून आईबरोबर रोज फिरायला जाणाऱ्या काकू आल्या. त्यांनी सांगितलं की आई बागेबाहेरच्या गाडीवर आठवड्यातून दोनदा भजी खायची. बाबांना हे नवीन होतं. मलाही.

जेवताना बाबांनी आत्याला विचारलं, "ही नवमी किती वर्षं करायची असते?"

"तू आहेस तोवर. नवरा गेला की अविधवा नवमी थांबते."

बाबांनी वाटीतला ताकभात संपवला, हात धुतला. मग औषधांचा डबा उघडून दुपारची बीपीची गोळी घेतली. सव्वा वर्षात पहिल्यांदा, मी न सांगता.